यादीबाहेरची गाडी

३ मार्च, सोमवार

गाडी पुलावर बंद पडली. चालता चालता! ना धूर, ना खडखड, ना समोर लाल दिवा. अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय आणि खाली काहीच नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, आणि ती नसावी, तसं.

मागच्या टेम्पोवाल्याने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई शेजारी शांत बसलेली. म्हणाली, "तेच तेच दोनदा म्हणाला."

तिकडे गोठ्यावर गाय अडलेली. पहिलं वेत. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. गोठेवालीने साडेनऊला फोन केला होता, मी म्हटलं होतं — पंचवीस मिनिटांत पोचते, ओढू नका. पुलावरून गोठा दोन किलोमीटर. आईला गाडीत ठेवलं, बॅग उचलली आणि पळत सुटले. पन्नाशीची बाई, गुडघ्याएवढे गमबूट, हातात आठ किलोची बॅग. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

पोचले तेव्हा गाय आडवी झाली होती. पाय सरळ केला, वासरू बाहेर काढलं. गरम होतं. पूर्ण वाढलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. नाकात काडी घातली, उलटं टांगलं, छाती चोळली. दहा मिनिटं चोळत बसले.

गाय वाचली. वासरू नाही.

गोठेवालीने हात धुवायला गरम पाणी दिलं. उशीर का झाला असं एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परत पुलावर आले. किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! जणू काही झालंच नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

सर्व्हिस सेंटर. काचेचा दरवाजा, थंड हवा, फुकटची कॉफी. मॅनेजर टाय लावून. आई त्याला लगेच 'टायवाला' म्हणायला लागली, आता आमच्यात तेच नाव.

कॉम्प्युटरची वायर गाडीला लावली. "काहीच फॉल्ट दाखवत नाही, मॅडम. एकदम ओके."

"पण ती बंद पडली."

"आत्ता चालू आहे ना?"

माझ्याकडेही लोक जनावर घेऊन येतात आणि ते माझ्यासमोर नेमकं धडधाकट उभं राहतं. पण मी निदान मालकाला खोटं ठरवत नाही.

६ मार्च, गुरुवार

चार गोठे, एक कोंबड्यांची शेड. गाडी गुणी बाळासारखी चालली. माझा काडीचा विश्वास नाही.

११ मार्च, मंगळवार

आज मेलो असतो.

हमरस्ता, उजवी लेन, ऐंशीचा वेग. आणि पुन्हा तेच — खाली काही नाही. स्टिअरिंग जड झालं. आरशात ट्रकचं तोंड, आरसा भरून. त्याचा हॉर्न अजून कानात आहे. दोन लेन कशा ओलांडल्या ते माझं मलाच माहीत नाही. कडेच्या खडीवर गाडी थांबली तेव्हा ट्रकच्या वाऱ्याने अख्खी हलली.

आईने पर्समधून वही काढली. लिहिलं. मी ओरडलेच — "आत्ता काय लिहितेस!"

"वेळ," ती म्हणाली. "अकरा वाजून वीस. मागे ट्रक, निळा. नंतर आठवत नाही कुणाला."

आई छत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलायचे, वकील बोलायचे, ही लिहायची. शॉर्टहँडच्या त्या रेघोट्या मी लहानपणापासून बघत आले — किराण्याच्या यादीतसुद्धा. खरं सांगायचं तर मला तिचं काम नेहमी थोडं बिचारं वाटायचं. दुसऱ्यांचं बोलणं उतरवायचं, स्वतः एक अक्षर बोलायचं नाही. बाबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून माझ्याबरोबर फिरतीवर येते. गाडीतच बसून राहते.

टोईंगवाल्याने जवळच्या गॅरेजात सोडलं. पत्र्याची शेड, आत एक मिस्त्री, साठीचा, कानावर पेन्सिल. त्याने कॉम्प्युटर लावला नाही. प्रश्न विचारले — बंद पडते तेव्हा गाडी किती वेळ चाललेली असते? थंड झाली की चालू होते? टाकी अर्धी असते की भरलेली? अगदी मी विचारते तसे! जनावर कधीपासून खात नाही, पाणी पितं का, रवंथ करतं का.

मग त्याने मागची सीट उचलली. सीटखाली एक झाकण, झाकणाखाली टाकी, टाकीत बुडालेला पंप. मला माहीतच नव्हतं की माणसं पेट्रोलच्या पंपावर बसून प्रवास करतात.

"हाच," तो म्हणाला. "माझ्याकडे चार पडलेत असले." फळीवरून एक जुना काढला, कापून ठेवलेला. आतून एक चाक काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

बिस्किटाएवढं. काळं प्लॅस्टिक. वजन असं नाहीच. कडेला बारीक पाकळ्या — मी माझं भिंग काढलं आणि बघतच राहिले. पन्नासेक पाकळ्या, प्रत्येकीला वेगळा बाक, दोन पाकळ्यांमध्ये नखही जाणार नाही एवढी फट. गाडी चालू असते तेव्हा हे चाक मिनिटाला हजारो वेळा फिरतं. वर एक चकती, खाली एक चकती, मध्ये हे, आणि कुणाला कुणाचा स्पर्श नाही. सात वर्षं! मी त्याच्या जिवावर रात्रंदिवस हिंडले आणि मला पत्ता नाही.

"मग बिघडतं काय?"

"फुगतं. पेट्रोल पिऊन पिऊन. गरम झालं की अजून. मग चकतीला घासतं, अडकतं. थंड झालं की सुटतं. म्हणून तुमची गाडी कॉम्प्युटरसमोर शहाण्यासारखी वागते."

"किती फुगतं?"

त्याने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. "तुमचा एक केस घ्या, डॉक्टर. त्याच्या निम्मं."

निम्मा केस! आणि त्याने बाराशे किलोची गाडी ट्रकच्या तोंडासमोर उभी राहते. घरी आल्यावर खरंच एक केस उपटून भिंगाखाली धरला. पांढरा होता. बराच वेळ बघत बसले. त्याचं निम्मं — आणि ते वासरू.

१४ मार्च, शुक्रवार

बसने सर्व्हिस सेंटरला गेलो, दोघी. मी पंपाचं नाव काढल्याबरोबर टायवाल्याचा चेहरा खुलला. "हां, तो प्रॉब्लेम! माहितीये ना आम्हाला. चाक फुगतं. कंपनीने फुकट बदलून दिलेत हजारो."

मला हायसं वाटलं. त्याने गाडीचा नंबर टाकला. थांबला. "अरेरे."

यादी आहे म्हणे. अमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या यादीत. आमची गाडी त्यानंतर अकरा दिवसांनी बनली.

अकरा दिवस!

"आणि वॉरंटी तर तुमची कधीच संपली, मॅडम. त्यामुळे..." हात पसरले त्याने. कुणी गेल्यावर भेटायला आलेली माणसं पसरतात तसे.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "त्या अकरा दिवसांत चाक बदललं का?"

"म्हणजे?"

"यादी संपली त्या तारखेला कारखान्यात दुसरं चाक बसवायला लागले का? की चाक तेच आणि यादी तेवढी संपली?"

"ते आम्हाला कसं कळणार, आजी. यादी वरून येते. खरं सांगू? माझ्याकडेच यादीबाहेरच्या सहा-सात आल्यात गेल्या वर्षात. मी वर कळवलं. उत्तर नाही."

हे सगळं बोलताना आईचा हात वहीवर फिरत होता. मी तिच्याकडे नीट बघितलं — बहुधा पहिल्यांदाच. ती वहीकडे बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडे बघत होती. पेन्सिल आपोआप चालल्यासारखी, आवाज नाही, घाई नाही, आणि तो थांबला की बरोबर त्याच क्षणी ती थांबायची. शहात्तर वर्षांची बोटं. एरवी तिला बाटलीचं झाकण उघडत नाही.

१५ मार्च, शनिवार

मिस्त्री म्हणाला, नवीन पंप बसवून देतो, सुधारलेला, दुपारपर्यंत. मला गाडी हवीच आहे. फिरती बंद ठेवून कसं चालेल? जनावरं वाट बघत नाहीत.

"बसवा," आई म्हणाली. "पण जुना आमच्या समोर काढायचा."

आणि मग तिने पंचनामा केला! खराखुरा! मिस्त्रीने पंप बाहेर काढला, तिने त्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला, मिस्त्रीकडून पुन्हा वाचून घेतला. पंप काचेच्या बरणीत. झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर चौघांच्या सह्या, वरून चिकटपट्टी अशी की सही फाटल्याशिवाय बरणी उघडता येऊ नये. शेजारच्या टायरवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो बिचारा हात पुसत आला, म्हणाला, "खून झालाय का?"

"होता होता राहिलाय," आई म्हणाली.

मिस्त्री हसून हसून लाल. पण सही करताना त्याने कानावरची पेन्सिल काढून ठेवली, शर्टाची बटणं लावली आणि आईकडून पेन मागून घेतलं.

१९ मार्च, बुधवार

लेखी तक्रार दिली. टायवाल्याने वाचली आणि त्याचा रंग उडाला. "हे काय लिहिलंय? 'आपल्या केंद्रात यादीबाहेरच्या सहा-सात गाड्या आल्या' — मी असं म्हणालोच नाही!"

आईने वही उघडली आणि वाचायला लागली.

सगळं! त्याचा शब्द न् शब्द. 'अरेरे' सुद्धा. मध्येच त्याचा फोन वाजला होता आणि तो बायकोला 'नंतर करतो गं, कस्टमर आहेत' म्हणाला होता, तेही. कुठे खोकला, कुठे थांबला. आवाज चढवला नाही, टोमणा नाही. बातम्या वाचतात तसं सरळ. कॉफी भरणारी बाई कप हातात धरून उभीच राहिली.

छत्तीस वर्षं ही बाई हे करत होती आणि मला ते बिचारं वाटायचं!

संपल्यावर ती म्हणाली, "चुकलं असेल तर सांगा. दुरुस्त करते."

टायवाल्याने तक्रारीचा कागद टेबलावर सरळ केला. मग हळूच म्हणाला, "नाही. बरोबर आहे." तक्रारीवर पोच दिली, शिक्का मारला. आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. दारात म्हणाला, "हे मी स्वतः वर पाठवतो, आजी. आज."

२४ मार्च, सोमवार

मेंढीला जुळं. दोन्ही जिवंत, दोन्ही किंचाळतायत. वेळेवर पोचले. पुलावर मात्र पाय अजून आपोआप सैल होतो.

परतताना आईला म्हटलं, "गाडी तर चालतेय आता. कशाला हा खटाटोप? सोडून देऊ."

ती खिडकीबाहेर बघत होती. समोरून आमच्यासारखीच एक गाडी गेली, तोच आकार, तोच रंगसुद्धा. मागच्या सीटवर कुणीतरी लहान मूल उभं होतं.

"ती कधी बनली असेल?" आई म्हणाली.

मी आरशात ती गाडी लहान होत जाताना बघितली.

२ एप्रिल, बुधवार

मुख्य कार्यालयाचं पत्र! तपासणीसाठी इंजिनिअर येणार. बरणी आहे तशी ठेवावी अशी विनंती. आईने 'आहे तशी'वर बोट ठेवलं आणि समाधानाने चहा प्याली.

१६ एप्रिल, बुधवार

दिवसभराचं लिहायचंय. हात दुखेल, पण लिहिते.

मला वाटलं होतं कोट घातलेला कुणीतरी वकिली बोलणारा येईल. आली एक बाई. चाळिशीच्या आतली, साधा शर्ट, पाठीवर सॅक, एकटीच. मिस्त्रीच्या शेडमध्येच तपासणी करायची ठरली होती. त्याने टेबल धुऊन पांढरा कागद अंथरला होता. माझं ऑपरेशनचं टेबल एवढं स्वच्छ नसतं.

आईने विचारलं, "मी लिहून घेतलं तर चालेल?"

"चालेल, आजी."

तिने पट्टीवरच्या सह्या तपासल्या, फोटो काढले, बरणी उघडली. पेट्रोलचा वास शेडभर. पंप करवतीने कापला — सावकाश, मध्ये मध्ये थांबून. चाक निघेना. महिनाभर बरणीत पेट्रोलच्या ओलीत राहून चकतीत पुरतं रुतलं होतं. तिने जोर लावला नाही. कोमट हवा दिली, गार होऊ दिलं, पुन्हा बघितलं. वीस मिनिटं गेली त्यात. शेवटी ते सुटलं आणि तिच्या तळहातावर आलं. दोन्ही बाजूंना घासल्याचे चकचकीत वळ.

मग मायक्रोमीटर काढलं — जाडी मोजायचं, चिमट्यासारखं. पाच ठिकाणी मोजलं. प्रत्येक आकडा मोठ्याने सांगितला, आईने लिहिला. पाचही ठिकाणी जास्त. मिस्त्रीने सांगितलं होतं तेवढंच. अर्धा केस. त्याने तर नुसत्या बोटांनी ओळखलं होतं! ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कशावर मोजलं होतं?" तो लाजला. "अंदाज."

नंतर ती खाली बसली. चाक हातातच होतं. अंगठ्याने त्याच्या कडेवरून फिरवत होती, पाकळ्यांवरून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. मला ती सवय ओळखीची वाटली. मी गाभण गाईच्या कुशीवर असाच हात फिरवते.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

आम्हाला कळलं नाही.

"चाक. हे मी कागदावर काढलं. प्रत्येक पाकळीचा बाक माझा. अकरा महिने लागले. पहिल्यांदा फिरलं तेव्हा आवाजच आला नाही, आम्हाला वाटलं मोटर बंद आहे." ती हसली, आणि हसणं अर्ध्यात राहिलं. "आकार बरोबर आहे. अजूनही बरोबर आहे. प्लॅस्टिक स्वस्तातलं घेतलं त्यांनी. मी सांगितलं होतं, फुगेल. बदललं शेवटी. पण यादी थांबली त्यानंतर सात महिन्यांनी बदललं. यादी थांबली तेव्हा कारखान्यात हेच चाक बसत होतं. आम्हाला माहीत होतं."

बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप तेवढा फुसफुसत होता.

सात महिने! म्हणजे किती गाड्या? हेच तर वाक्य. आईने टायवाल्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, कंपनीच्या माणसाच्या तोंडून, साक्षीदारांसमोर! मी आईच्या वहीकडे बघितलं.

पेन्सिल थांबली होती.

चुकून नाही. ती वहीवर आडवी ठेवली होती. आईचे दोन्ही हात मांडीवर. ती त्या बाईकडे बघत होती.

"आवाजच आला नाही म्हणालात," आई हळूच म्हणाली. "मग कळलं कसं फिरतंय ते?"

त्या बाईने डोळे पुसले. "चाचणीच्या टाकीला हात लावून बघितला. आतलं पाणी थरथरत होतं."

पुढचा अर्धा तास ती चाकाबद्दलच बोलत होती. माशाचे कल्ले बघून तिला तो बाक सुचला होता. मिस्त्री प्रश्न विचारत होता, ती कागदावर आकृत्या काढत होती. आईने एक अक्षर लिहिलं नाही. जाताना बाईने आईचा हात हातात घेतला, सोडायचं जणू विसरलीच.

१७ एप्रिल, गुरुवार

भांडले आईशी. गाडीतच.

"एवढं एकच वाक्य हवं होतं आपल्याला! एकच! आणि नेमकं तेच लिहिलं नाहीस!"

"हो."

"हो काय? तिने परवानगी दिली होती लिहायची!"

"मोजमाप लिहायची दिली होती," आई म्हणाली. "ते वाक्य मोजमापातलं नव्हतं."

"मग कशातलं होतं?"

मला वाटलं, नेहमीसारखी गप्प बसणार. मग म्हणाली, "छत्तीस वर्षं लिहिलं मी. माणूस बोलला की उतरवायचं, ते माझं काम. पण बोलताना कळतं गं — कोण कोर्टाला सांगतोय आणि कुणाला आता आत ठेवणं जमेना म्हणून सांगतोय. तिथे मला थांबायची मुभा नव्हती. एकदा एका बाईचं असं वाक्य मी उतरवलं. तिला वाटलं होतं, नुसतं बोलतेय. नंतर तिच्या सगळ्या घराची वाट लागली त्या एका ओळीने. बरोबर होतं ते. कायद्याने बरोबर होतं." मग थोड्या वेळाने, "इथे मला मुभा होती."

"आणि बाकीच्या गाड्या? ते मागच्या सीटवरचं मूल?"

आईने खिडकीची काच खाली केली. तिचा चेहरा बघून मला कळलं की हे तिने माझ्याआधी स्वतःला विचारलंय आणि रात्रभर विचारलंय.

मी पुढे ओरडायची थांबले. राग गेला असं नाही. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी आहे, मोठं, त्याला मला नाव सापडत नाही. बावन्न वर्षं मी या बाईच्या घरात, हिच्या हाताखाली, हिच्या शेजारी. आणि ही कोण आहे ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

१८ एप्रिल, शुक्रवार

म्हैस, आंचळ सुजलेलं. कुत्रा, काटा. आई आली नाही. घरीच बसते म्हणाली.

गाडी फार मोठी वाटली.

५ मे, सोमवार

कंपनीचं उत्तर. एक पान. 'तपासणीअंती सदर भागातील झीज ही वापरामुळे झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आपले वाहन यादीत समाविष्ट नसल्याने व वॉरंटी कालावधी संपल्याने आम्ही असमर्थ आहोत.' अहवालाची प्रत नाही. त्या बाईचं नाव कुठेच नाही. खाली सही दुसऱ्याच कुणाची.

आईने वाचलं, घडी घातली, मला परत दिलं. "माझ्यामुळे," म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. एक क्षण उशीर झाला.

मिस्त्रीला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मावशींना सांगा, पंप चांगलाय. निदान ह्या गाडीत त्या आयुष्यभर निर्धास्त बसू शकतात." मग जरा थांबून, "आज पण एक आली, डॉक्टर. यादीबाहेरची. नवरा-बायको होते. रेल्वे फाटकावर बंद पडली म्हणे."

६ मे, मंगळवार

आई फिरतीवर आली. गाडीत बसली. वही आणली नव्हती.

२३ मे, शुक्रवार

त्याच गोठ्यावर गेले. तीच गाय, तपासायला. ठणठणीत आहे. गोठेवालीला शेवटी सगळं सांगितलं — पूल, पंप, चाक, अर्धा केस. ती गाईच्या मानेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही पळत आलात ते दिसलं होतं मला, वळणावरून. मी गाईला म्हटलं, आली बघ डॉक्टरीण."

गाडीत येऊन बसले. लगेच गाडी चालू करता आली नाही. आईने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

२७ जून, शुक्रवार

सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याचं जाड पाकीट. चौकशीत आमची गाडी होती म्हणून आम्हालाही प्रत. यादी सात महिन्यांनी वाढली. चौतीस हजार गाड्या! सगळ्यांचे पंप कंपनीने बदलून द्यायचे, वॉरंटी असो वा नसो. मागे एक जोडपत्र — स्वतःहून दिलेला जबाब, दोन पानं. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं. अक्षर न् अक्षर तेच. 'यादी थांबली तेव्हा कारखान्यात हेच चाक बसत होतं. आम्हाला माहीत होतं.' खाली तिची सही. हुद्द्याच्या आधी एक शब्द — 'माजी'.

आईने दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"पत्ता दिलाय का बघ गं तिचा," म्हणाली. "आजच निघू."